पाइप मोठा केला आणि लाइन बसली

डिप्लोमा झाल्यावर मी सोलापूरच्या बाजूला गव्हाचा मैदा करणाऱ्या एका रोलर फ्लोअर मिलमध्ये मेंटेनन्सला लागले. पहिल्या महिन्यातच मैद्याची लाइन, म्हणजे हवेच्या जोरावर मैदा नेणारा पाइप, चोक झाली. ब्लोअरपासून (हवा ढकलणारं यंत्र) सायलोपर्यंत (माल साठवायची उंच कोठी) चार इंची पाइप, साठ मीटर लांब, त्यातले बारा मीटर उभे, चार बेंड म्हणजे वळणं. आमचे जुने फिटर अण्णा लाकडी हातोडा घेऊन पाइप ठोकत चालले होते आणि मी वही घेऊन त्यांच्या मागे. आठवड्यात दोनदा हे झाल्यावर मी मीटिंगमध्ये म्हणाले, “पाइप बारीक पडतोय. पाच इंची टाकू.” साहेबांना पटलं. मलाही पटलं होतं. नाल्यात कचरा अडकतो म्हणून नाला रुंद करतात, तसंच.

रविवारी पाइप बदलला. सोमवारी सकाळी फीड सुरू केला, म्हणजे पाइपात माल सोडला, आणि दहा मिनिटांत लाइन बसली, म्हणजे माल अडकून बंद पडली. आधी आठवड्यातून दोनदा बसायची, आता दहा मिनिटांत.

हवेने माल कसा वाहतो हे मी खरं त्या सोमवारी शिकायला लागले. ज्यांना मैदा, साखर, सिमेंट, राख, प्लॅस्टिकचे दाणे, धान्य, तूस असला कोरडा सुटा माल पाइपातून न्यायच्या कामाशी गाठ पडली आहे आणि कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं गणित येईल, पण चौथीच्या पलीकडचं नाही.

उफणणीपासून सुरुवात करा

खळ्यावर उफणणी पाहिली असेल तर अर्धा विषय तुम्हाला येतो. तिवईवर उभं राहून सुपातून धान्य सोडलं की दाणा खाली पडतो आणि भुसा वाऱ्यावर पुढे जातो. वारा दोघांनाही तोच. पण भुश्याला उचलायला तेवढा वारा पुरतो, दाण्याला पुरत नाही. प्रत्येक कणाचा असा एक वेग असतो: खालून वर तेवढ्या वेगाने हवा सोडली तर तो कण अधांतरी तरंगत राहतो. गव्हाच्या दाण्याला हा वेग साधारण सेकंदाला आठ मीटर पडतो. त्याहून जास्त हवा दिली की दाणा वर चढतो, कमी दिली की खाली येतो.

आता हाच दाणा आडव्या पाइपात घाला. तिथे हवा पुढे ढकलते आणि दाणा खाली पडू पाहतो. तो तळाला टेकतो, घासतो, उडतो, पुन्हा टेकतो. त्यामुळे नुसतं तरंगायला लागतो त्याच्या निदान दुप्पट वेग आडव्या पाइपात लागतो. गहू असो की मैदा, मी आडव्या लाइनीत सुरुवातीच्या टोकाला सेकंदाला १६ ते १८ मीटरच्या खाली जात नाही. मैद्याचा एकटा कण तर फुंकरीने उडतो, मग त्यालाही एवढा वेग कशाला? कारण पाइपात तो एकटा नसतो. हजारो कण एकमेकांना धरून गठ्ठ्याने चालतात आणि गठ्ठ्याचं वजन गव्हाच्या दाण्यासारखं वागतं.

आडव्या पाइपात ज्या वेगाला माल तळाशी साचू लागतो, ती पहिली लक्ष्मणरेषा. उभ्या पाइपात ज्या वेगाला माल वर जायचं सोडून गटांगळ्या खात खाली येतो, ती दुसरी. बहुतेक लाइनींत आडवी रेषा आधी ओलांडली जाते. म्हणून लक्ष तिच्यावर.

आता माझा पाच इंची पाइप. ब्लोअर तोच, हवा तेवढीच. चार इंचाचं पाच इंच केल्यावर पाइपाचं तोंड सव्वापट नाही, दीडपटीहून जास्त मोठं होतं, कारण व्यासाचा वर्ग होतो. मग १८ मीटरचा वेग उतरून साडेअकरावर आला. माल तळाला बसणारच. मी रस्ता रुंद केला आणि गाडीचं इंजिन काढून घेतलं.

(तो पाच इंची पाइप पुढे शेडच्या पावसाच्या पाण्याला लावला. अजून आहे. दर जूनमध्ये अण्णा मुद्दाम मला तो दाखवायचे.)

घरी करून बघा

पुस्तकातल्या आकृत्या पाहण्याआधी हा खेळ करा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर घ्या. हार्डवेअरच्या दुकानातून ३५ ते ४० मिलिमीटरचा पारदर्शक पाइप पाच-सहा मीटर आणा. क्लीनर आणि पाइप यांच्यामध्ये घट्ट झाकणाची जाड प्लॅस्टिकची बादली ठेवा. झाकणाला दोन भोकं पाडा, एकात पारदर्शक पाइप, दुसऱ्यात क्लीनरचा. माल बादलीत पडेल, क्लीनरच्या पिशवीत जाणार नाही. माल म्हणून ज्वारी, तांदूळ, साबुदाणा वापरा. मैदा, पीठ, पिठीसाखर मुळीच नको. घरच्या क्लीनरच्या मोटरमध्ये ठिणग्या असतात आणि पिठाची धूळ पेट घेते. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

पाइपाचं मोकळं तोंड ताटातल्या ज्वारीत पूर्ण खुपसा. काय होतं? काही नाही. दाणे तोंडाशी गच्च बसतात, क्लीनर रडायला लागतो. आता तोंड बोटभर वर उचला, बाजूने हवा आत शिरू द्या. ज्वारी सुसाट निघते. धडा असा की मालासोबत हवाही आत शिरली पाहिजे. खेचतोय म्हणून माल आपोआप येत नाही. मोठ्या प्लँटमध्ये गोणीतून माल ओढायच्या नोझलला दुहेरी नळी असते ती एवढ्यासाठीच. आतल्या नळीतून माल वर जातो आणि बाहेरच्या फटीतून हवा खाली येते.

मग पाइप जमिनीवर आडवा सरळ ठेवा आणि क्लीनरच्या हँडलवरची हवा सोडायची खिडकी हळूहळू उघडत जा. आधी दाणे पाइपभर पसरून उडतात. मग खालच्या अर्ध्यात धावतात. मग तळाशी वाळूच्या लाटांसारख्या ढेऱ्या होतात, एक ढेरी मोडून पुढची होते. आणि एका क्षणी सगळं थांबतं. हा क्रम डोळ्यांत साठवा. लोखंडी पाइपात तो दिसत नाही, कानाने आणि दाब दाखवणाऱ्या गेजने ओळखावा लागतो.

शेवटी पाइपाला मध्येच वर चढ द्या, आधी सरळ उभा, मग तिरका. तिरक्या पाइपात दाणे खालच्या अंगाने घसरत मागे येताना दिसतील. जागा वाचवायला तिरकी लाइन टाकणारे कंत्राटदार मी पाहिलेत. आडवं जा, मग सरळ वर जा. तिरकं नको.

गेज काय सांगतं

व्हॅक्यूम क्लीनरवर जे पाहिलं तेच फ्रेडरिक झेंझ या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या शेवटी आलेखात मांडलं. आलेखाचं नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, आकार मात्र लक्षात ठेवा. माल तेवढाच ठेवून हवा कमी करत गेलात तर प्रेशर आधी उतरतं, कारण हवेचं घर्षण कमी होतं. एका ठिकाणी ते सर्वांत कमी होतं. त्याही खाली हवा नेली तर प्रेशर उलट चढायला लागतं, कारण माल साचून वाट अडते. म्हणजे आलेख परातीसारखा, मध्ये खोल. खोलगटाच्या उजवीकडे, म्हणजे जास्त हवेच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून लाइन चालवायची.

इथेच नवखे लोक फसतात. लाइन अडखळली की “हवा वाढव” ही पहिली आरोळी. तुम्ही आधीच परातीच्या उजव्या कडेला असाल तर हवा वाढवल्याने प्रेशर वाढतं, ब्लोअरची ताकद नुसती हवा पळवण्यात खर्च होते आणि मालासाठी कमीच उरते. टनेज घटतं, वर बेंड झिजतात, दाणा फुटतो, वीज जाते. म्हणून आधी आपण परातीच्या कोणत्या बाजूला आहोत ते बघायचं. हवा थोडी कमी केल्यावर प्रेशर उतरलं तर उजव्या बाजूला आहात. चढलं तर लगेच हवा परत द्या.

दुसरी गोष्ट मला कळायला फार वेळ लागला. पाइपात हवेचा वेग सगळीकडे सारखा नसतो. ब्लोअरजवळ हवा दाबलेली असते, सायलोजवळ मोकळी होते. दाब उतरतो तशी हवा फुगते, आणि पाइप तेवढाच असल्याने वेग वाढत जातो. सर्वांत कमी वेग लाइनीच्या सुरुवातीला, जिथे माल पडतो तिथे. सर्वांत जास्त वेग शेवटी. म्हणून चोक बहुतेक वेळा सुरुवातीच्या भागात होतो आणि भोक बहुतेक वेळा शेवटच्या बेंडला पडतं. हे एकदा समजलं की हातोडा घेऊन कुठे जायचं आणि वेल्डिंग सेट कुठे न्यायचा हे विचारावं लागत नाही.

एक हिशेब, आमच्याच लाइनीचा

ताशी पाच टन मैदा, पाइपाचा आतला व्यास १०० मिलिमीटर, सुरुवातीचं प्रेशर गेजवर ०.४ बार. पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर. सुरुवातीला १८ मीटरचा वेग हवा, म्हणजे सेकंदाला ०.१४१ घनमीटर हवा. पण ही दाबलेली हवा. बाहेरची हवा एक बार धरली तर पाइपातली १.४ बार, म्हणून ब्लोअरने बाहेरून ओढायची हवा १.४ पट: सेकंदाला ०.१९८, ताशी सुमारे ७१३ घनमीटर. तापमानाचा फरक इथे सोडून दिलाय, पहिल्या अंदाजाला तो चालतो. एअरलॉकमधून, म्हणजे माल पाइपात सोडणाऱ्या फिरत्या झडपेतून, थोडी हवा मागे गळते, तिच्यासाठी १०-१५ टक्के वाढवा. ताशी ८०० घनमीटरचा ब्लोअर मागवा.

शेवटी सायलोजवळ वेग किती? १८ गुणिले १.४, म्हणजे २५ मीटर. मैद्याला ठीक.

आता उलटा हिशेब, आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांसाठी. त्यांना पाचाऐवजी सात टन हवे होते. “फीडर जरा फास्ट करा, बस.” माल वाढला तर प्रेशर वाढणार, समजा ०.६ बार झालं. हवा तेवढीच ७१३, पण आता ती १.६ पट दाबली जाते. सुरुवातीचा वेग १८ वरून १५.८ वर येतो. शिवाय प्रेशर वाढल्याने एअरलॉकची गळती वाढते, म्हणजे प्रत्यक्षात १५ च्याही आसपास. पाइपाला हात लावला नाही, ब्लोअरला लावला नाही, नुसता फीड वाढवला आणि लक्ष्मणरेषेच्या खाली गेलो. हे कागदावर दाखवल्यावर साहेब गप्प बसले आणि ब्लोअर जास्त वेगाने फिरावा म्हणून त्याची पुली बदलायला परवानगी दिली.

ब्लोअर म्हणजे इथे दोन पाकळ्यांचा, ज्याला रूट्स ब्लोअर म्हणतात. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिलच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांचं ते नाव. १८६० च्या त्यांच्या पेटंटवरून आलेलं. लोकरीच्या गिरणीची पाणचक्की सुधारताना त्यांना ते सुचलं. हा ब्लोअर हट्टी असतो. समोर लाइन बसली तरी तो तेवढीच हवा ढकलत राहतो, प्रेशर चढत जातं आणि शेवटी जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह फुसकन उडतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्हला “आवाज करतो” म्हणून आवळून ठेवणाऱ्याला मी प्लँटबाहेर काढीन. साधा पंखा उलट भित्रा. समोर अडथळा आला की हवाच कमी देतो, वेग उतरतो, अडथळा वाढतो. लांब लाइनीला पंखा लावू नये तो यामुळे. या ब्लोअरची मजल साधारण एक बारपर्यंत. पलीकडे कॉम्प्रेसर.

एक उन्हाळी सूचना. ब्लोअरमध्ये हवा तापते, ०.४ बारला साधारण चाळीस अंशांनी. सोलापूरच्या मे महिन्यात बाहेर ४२ असेल तर पाइपात ८० च्या वर हवा जाते. ती गरम हवा आणि मालातली वाफ रात्री सायलोच्या गार पत्र्याला लागली की आतून पाणी सुटतं आणि मैद्याची खरपुडी धरते. ब्लोअरनंतर कूलर लावा. साखरेला तर हवा कोरडीच लागते, नाहीतर कोकणातल्या पावसाळ्यात पाइपात पाकच होईल.

ओढायचं की ढकलायचं

अनेक ठिकाणांहून माल एका जागी आणायचा असेल तर ओढा. एका ठिकाणाहून अनेक सायलोंत द्यायचा असेल तर ढकला. रोलर मिलमध्ये दोन्ही असतं. रोलखाली दळलेला माल वरच्या मजल्यावरच्या चाळणीकडे ओढून नेतात, वर प्रत्येक नळीला सायक्लोन (हवा गरगर फिरवून माल वेगळा करणारं शंकूसारखं भांडं) आणि त्याखाली एअरलॉक. तयार मैदा ब्लोअरने ढकलून सायलोत. ओढण्याचा फायदा असा की कुठे भोक पडलं तर हवा आत शिरते, धूळ बाहेर येत नाही. तोटा असा की निसर्गाने आपल्याला एकच वातावरण दिलंय, म्हणजे ओढायला एक बारच दाब, आणि त्यातलं अर्धंच वापरता येतं. लंडनच्या मिलवॉल गोदीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जहाजातलं धान्य असं ओढून काढायला सुरुवात झाली. आजही बंदरांत गहू असाच उतरवतात.

ढकलण्याच्या लाइनीत सगळं पाणी मुरतं ते रोटरी एअरलॉकपाशी. फिरणारा पंखेदार रोटर माल खाली सोडतो आणि हवेला वर येऊ देत नाही, निदान तशी अपेक्षा असते. रोटर आणि त्याच्याभोवतीच्या लोखंडी घराच्या मधली फट नवीन असताना कागदाच्या जाडीची. माल घासून घासून ती वाढते. आमची दुसरी एक लाइन चार वर्षं चोक न होता चालली आणि मग महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा बसायला लागली. कोणी म्हणालं मैदा ओला येतोय, कोणी म्हणालं ब्लोअर म्हातारा झाला. अण्णांनी एअरलॉकच्या वरच्या हॉपरचं झाकण उघडून हात धरला आणि म्हणाले, “मॅडम, इथं तर पंखा लागलाय.” पाइपात जायची हवा एअरलॉकमधून वर येत होती. ती वरून येणाऱ्या मालालाही अडवत होती, म्हणून रोटरचे कप्पे अर्धवट भरत होते. फिलर गेज (पातळ पात्यांचं मोजमाप) घालून फट मोजली, रोटर बदलला, लाइन सुरळीत. आता दर सहा महिन्यांनी फट मोजून लिहितो. आणि एअरलॉकच्या खाली गळतीच्या हवेला बाहेर पडायला वेगळी वाट ठेवतो.

पातळ आणि दाट

आतापर्यंत सांगितलं ते पातळ वहन. वरणासारखं, हवा जास्त, माल कमी. आमच्या लाइनीत ताशी ८५५ किलो हवा (तेच ७१३ घनमीटर) पाच टन माल नेते, म्हणजे एक किलो हवेमागे सहा किलोला थोडा कमी. पंधरापर्यंत पातळच म्हणतात.

दाट वहन म्हणजे पिठलं. एक किलो हवेमागे तीस, पन्नास, कधी शंभर किलो माल, आणि वेग सेकंदाला तीन-पाच मीटरसुद्धा पुरतो. हे औष्णिक वीज केंद्रांत बघायला मिळतं. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं, म्हणजे राखेचा डोंगर. ती कोरडी उचलून सायलोत आणि तिथून सिमेंट कारखान्यांत जाते. त्यासाठी ब्लो टँक असतो, म्हणजे प्रेशर कुकरसारखं भांडं. राख भरा, झाकण लावा, कॉम्प्रेसरची हवा द्या, खालचा व्हॉल्व्ह उघडा, लाइन रिकामी होऊ द्या, पुन्हा भरा.

पण कोणताही माल दाट चालत नाही, आणि नवखे इथे महागात पडतात. आधी बाटलीची परीक्षा करा. पारदर्शक बाटली अर्धी भरा, झाकण लावून जोरात हलवा, ठेवा. वाळू किंवा रवा लगेच खाली बसतो. सिमेंट आणि राख फुगून येते, बाटली कलंडवली तर पाण्यासारखी वाहते आणि बसायला बराच वेळ घेते. जो माल हवा धरून ठेवतो तो दाट वाहू शकतो, पाइपाच्या तळाने दुधासारखा सरकतो. गव्हासारखे किंवा प्लॅस्टिकसारखे मोठे एकसारखे दाणेही दाट चालतात, पण वेगळ्या रीतीने: लाडवांसारखे गठ्ठे होऊन, मध्ये हवेचे तुकडे ठेवून. मधली मंडळी त्रासदायक. रव्यासारखी, वाळूसारखी भरड भुकटी हवा धरत नाही आणि गठ्ठ्यातून हवा सुटूही देत नाही. तिला पातळच न्या, किंवा पाइपाला जागोजागी हवेची इंजेक्शनं द्या. ब्रिटिश संशोधक गेल्डार्ट याने १९७३ मध्ये भुकट्यांचे चार गट पाडले ते याच स्वभावावरून. गटांची अक्षरं पाठ करण्यापेक्षा दहा बाटल्या हलवा.

राखेच्या लाइनी दोन-तीन बारवर सुरू होतात, म्हणजे हवा शेवटपर्यंत तिप्पट-चौपट फुगते. तिथे पाइप टप्प्याटप्प्याने मोठा करतात, नाहीतर शेवटी वेग बेफाम होतो. म्हणजे पाच इंची पाइप टाकायला मी चुकले नव्हते, जागा चुकले होते! अर्थात आमच्या ०.४ बारच्या लाइनीत तेवढा फुगाराच नव्हता. शेवटच्या वीस मीटरला टाकला असता तरी वेग १६ च्या खाली आला असता. हिशेब करून पाहिला, मनाचं समाधान झालं नाही.

बेंड

एक बेंड म्हणजे निदान पाच-सहा मीटर सरळ पाइपाएवढा विरोध, असं मी धरते. माल बेंडच्या बाहेरच्या भिंतीवर आपटतो, वेग गमावतो आणि पुढे पुन्हा धावायला लागतो. त्याला धावायला जागा द्या. दोन बेंड चिकटवून ठेवू नका, आणि एअरलॉकनंतर पहिल्या बेंडआधी निदान तीन-चार मीटर सरळ ठेवा.

झीज वेगाच्या अडीच ते तिसऱ्या घातात वाढते. वेग दुप्पट केला तर बेंड सहा ते आठ पट लवकर फुटतो. मैद्याला फिकीर नाही. पण भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमध्ये जाऊन तुसाच्या लाइनीचे बेंड बघा. तूस हातात हलकं, पण त्याच्या वजनाचा १५ ते २० टक्के भाग सिलिका. बेंडवर पत्र्याची ठिगळं, त्यावर ठिगळं. तिथे बेंडऐवजी एका बाजूने बंद असलेला टी (T आकाराचा जोड) लावला तर त्या बंद खिशात तूस भरून राहतं आणि तूसच तुसावर आपटतं. राखेच्या लाइनींत बसाल्टचं अस्तर असलेले बेंड वापरतात. सह्याद्री ज्या जातीच्या काळ्या दगडाचा, तोच दगड वितळवून ओतलेला.

धूळ पेटते

अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २ मे १८७८ ला वॉशबर्न कंपनीची पिठाची गिरणी उडाली, १८ माणसं गेली. २००८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या साखर कारखान्यात १४ गेली. गव्हाचं पीठ एक घनमीटर हवेत ५०-६० ग्रॅम तरंगत असलं तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. पाइपात याच्या कितीतरी पट दाट असतं, म्हणून धोका पाइपापेक्षा सायलोत आणि बॅग फिल्टरमध्ये (हवा गाळणाऱ्या कापडी पिशव्यांची पेटी) जास्त. आणि तुळयांवर, केबल ट्रेवर बसलेल्या धुळीत.

माल पाइपातून पळताना स्थिर वीज तयार होते. प्रत्येक कपलिंगवरून, म्हणजे पाइपांच्या जोडावरून, तांब्याची पट्टी घ्या, कारण रबरी गॅस्केट दोन पाइपांमधली विजेची वाट तोडून टाकतं. टोकापासून अर्थिंगपर्यंत विजेचा विरोध दहा ओहमच्या आत यायला हवा, तो मोजून घ्या. घरच्या प्रयोगातला प्लॅस्टिकचा पाइप प्लँटमध्ये नको. धूळ झाडायला कॉम्प्रेस्ड एअर वापरू नका, कुणी कितीही घाईत असलं तरी.

लाइन बसली तर

सुरू करताना आधी हवा, मग माल. बंद करताना आधी फीड बंद, प्रेशर खाली येईपर्यंत हवा चालू, मग ब्लोअर बंद. वीज गेली की हा क्रम मोडतो आणि माल उभ्या पाइपातून खालच्या बेंडमध्ये येऊन बसतो. त्यामुळे वीज आल्यावर थेट फीड सुरू करू नका, दोन मिनिटं नुसती हवा सोडा.

तरी बसलीच, तर फीड बंद करा, ब्लोअर बंद करा, आणि लाइनीतलं प्रेशर सोडून गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघा. मगच कपलिंग सैल करा. ०.४ बार ऐकायला किरकोळ वाटतं, पण अडकलेला माल पाइपातून गोळीसारखा सुटतो. आमच्याकडे एकाचं मनगट गेलं होतं, कपलिंग पूर्ण काढल्यामुळे. पाइप बोटांनी वाजवत जा, भरलेला भाग बद्द वाजतो. सायलोच्या बाजूचं टोक आधी मोकळं करा आणि तिथून मागे या. मागून रेटाल तर गठ्ठा आणखी घट्ट होईल. लोखंडी हातोड्याने पाइपाला पोचे पाडू नका, प्रत्येक पोचा म्हणजे पुढच्या चोकची जागा.

आणि नवी लाइन सुरू झाली की त्याच दिवशी रजिस्टर घाला. माल न सोडता नुसत्या हवेचं प्रेशर, भरलेल्या लाइनीचं प्रेशर, ब्लोअरचे अँपिअर आणि फेरे, फिल्टरच्या दोन बाजूंमधला प्रेशरचा फरक. पुढे काही बिघडलं की आधी रिकामी लाइन चालवून या आकड्यांशी जुळवा. रिकाम्या लाइनीचं प्रेशर वाढलं असेल तर फिल्टर तुंबलाय किंवा पाइपात कुठेतरी थर धरलाय. कमी झालं असेल तर हवा गळतेय, आधी एअरलॉक बघा. रिकामी लाइन बरोबर असून भरलेली बिघडत असेल तर दोष मालात किंवा फीडमध्ये. आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर अण्णांच्या अक्षरात अजून आहे: “खाली ०.०६, भरून ०.४०, पाइप चार इंची.” चार इंचीखाली दोन रेघा मारलेल्या आहेत.